दुपट्यावरचा मोर

एक होता राजा. गडगंज श्रीमंत, पण घरात पाळणा काही हलेना. बारा वर्षांनी हलला एकदाचा. राणी चंपावतीला मुलगी झाली.

मग राजाने पेटीतून दुपटं काढलं. सात पिढ्यांचं, वर जरीचा मोर. घराण्यातलं प्रत्येक बाळ त्यातच गुंडाळायचं, पण दुपटं कधी धुवायचं नाही. धुतलं तर म्हणे पूर्वजांचे आशीर्वाद वाहून जातात. आता विचार करा, सात पिढ्यांची बाळं! पुढचं मी बोलत नाही. हसू नकोस कुंदे, तूही काही कमी नव्हतीस.

मग बाळाच्या अंगावर लालभडक पुरळ उठलं. रडून रडून ते दूध पिईना. पहिल्या दिवशी राजवैद्य आले, लेप लावून गेले. दुसऱ्या दिवशी मांत्रिक आला, मीठमोहऱ्या ओवाळून गेला. गुण शून्य. राणीला वाटलं, बारा वर्षांनी मिळालेलं हातचं जातं की काय!

तिसऱ्या दिवशी आली ठकूबाई सुईण. राजाने बाळ पुढे केलं. ती म्हणाली, "थांबा महाराज, आधी हात धुऊ द्या."

कोपरापर्यंत धुतले, बरं का. मग कोमट पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि बाळाला न्हाऊ घातलं. मानेच्या वळ्या, काखा, जांघा टिपून कोरड्या केल्या. मऊ सुती लंगोट बांधला. मग दुपटं उचललं आणि नाक मुरडलं. "हे आधी धुवा."

राजा म्हणाला, "आशीर्वाद जातील."

राणी म्हणाली, "जाऊ देत. मला माझी लेक हवी." आणि तिने स्वतःच ते रिठ्याच्या पाण्यात बुडवलं.

पहिलं पाणी निघालं काळं. दुसरं पिवळं. तिसरं नितळ. आणि मग काय झालं, तो जरीचा मोर चक्क शिंकला! म्हणाला, "आशीर्वाद कुठे जातात? मळाखाली गुदमरले होते बिचारे."

मग दुपटं कडक उन्हात वाळलं. चार दिवसांत पुरळ गेलं. बाळ पोटभर दूध प्यालं आणि गाढ झोपलं. राणीचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती मनमोकळं रडली.

तेव्हापासून मोर पाळण्यापाशी राखण करायचा. न धुतलेला हात आला की टोच मारायचा. पहिली टोच खुद्द राजाला बसली. तो निमूट मोरीकडे गेला. लेक गुटगुटीत झाली, सगळे सुखात राहिले.

झाली गोष्ट, मिटा डोळे. आणि कुंदे, लाडवाचे हात घेऊन भावाच्या पाळण्याकडे कुठे निघालीस? आधी मोरी गाठ, मग त्याचा पापा घे आणि झोप.