उलटा करणारा अन

इंग्रजी शब्दांची वस्ती नदीकाठी नवी नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे अन नावाचा एक उपसर्ग राहायला आला.

सगळे त्याच्यापासून चार हात लांब राहत. मागे लेस नावाचा प्रत्यय असाच आला होता. तो होपकाकूंच्या पाठीशी उभा राहिला आणि काकू होपलेस होऊन अंथरुणाला खिळल्या. हा अन तर पुढे उभा राहायचा. पहिल्याच दिवशी तो चुकून हॅपीच्या पुढे आला आणि ती अनहॅपी होऊन रडत बसली. तो बाजूला झाला तेव्हा कुठे तिचं रडं थांबलं. तेव्हापासून त्याला पाहिलं की दारं लागत.

एका दुपारी नदीला पूर आला. हॅपीची पोरं कोठारात अडकली होती आणि दारावर लॉकआजोबा होते. बंद करणं एवढाच त्यांचा अर्थ. कितीही जोर केला तरी त्यांना दार उघडता येईना. पाणी उंबऱ्याला लागलं.

"आजोबा, मी तुमच्यापुढे उभा राहू?" अनने विचारलं.

"त्याला जवळ येऊ देऊ नका," हॅपी म्हणाली. "तो सगळं उलटं करतो."

"आत्ता उलटंच व्हायला हवंय, पोरी," लॉकआजोबा म्हणाले. "ये रे."

अन पुढे उभा राहिला. आजोबा अनलॉक झाले, दार उघडलं आणि पोरं बाहेर धावली. अन मुकाट्याने बाजूला झाला.

संध्याकाळी हॅपीने खिडकी बोटभर उघडली.

"जेवायला ये," ती म्हणाली. "पण बसताना जरा अंतर ठेवून बस."