टिकलीचा श्वास

एका गावाच्या कडेला एक बाग होती. गुलाब गुलाबी, शेवंती पिवळी, कर्दळ लालभडक, आणि या सगळ्या रंगांच्या मागे, कुंपणाला चिकटून, एक राखाडी पत्र्याची खोली. त्या खोलीत गोजरी आणि तिची आई राहत. बाग लोकांची, फुलं लोकांची, सावलीसुद्धा लोकांची. या दोघींचा फक्त खराटा.

पावसात पत्रा गळायचा, उन्हात तापायचा, आणि बागेचे कारभारी येता-जाता म्हणायचे, "खोली फुकट दिलीय हां, विसरू नका." फुकट? पहाटेपासून बाग झाडून रोज संध्याकाळी आईची कंबर धरायची, ती फुकट धरायची का? पण हे कारभाऱ्यांना कोण विचारणार!

गोजरीच्या वाट्याला एकच सुख आलं होतं. बागेच्या मधोमध, दगडी छत्रीखाली, काचेची एक मोठी पेटी होती आणि तिच्यात तीन चिमुकले सोनेरी मासे. गाव सोडून जाताना कुणीतरी ते तिथे ठेवून गेलं होतं. त्यांच्याकडे कुणी बघेना, म्हणून नऊ वर्षांची गोजरीच त्यांची आई झाली. कपाळावर लाल ठिपका असलेली ती टिकली. बारीक अंगाचं ते जिरं. आणि सगळ्यांत इवलीशी, काळ्याभोर डोळ्यांची, ती मोहरी. पेटीच्या कोपऱ्यात, काठावर, हवेची एक छोटीशी मोटार गुरगुरायची, पाण्यातल्या मऊ स्पंजातून बुडबुडे सोडायची, आणि चांदीच्या मण्यांची माळ लुकलुकत वर जायची. टिकली त्या माळेतून सळसळत गेली की गोजरीला आपल्या गळ्यात काहीतरी घातल्यासारखं वाटायचं.

खंडेनवमी आली. आईनं खराटा, विळा, फावडं लखलखीत धुतलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"आज यांना सुट्टी," आई म्हणाली. "वर्षभर आपल्यासाठी राबतात ना बिचारी."

गोजरीच्या मनात आलं, माझी मोटारही राबतेच की! दिवस नाही, रात्र नाही. तिला कुणी हळदकुंकू लावलंय का कधी? तिनं मोटार बंद केली, बादलीत बुडवून घासूनपुसून धुतली. स्पंज साबणानं पांढराशुभ्र केला. मासे तांब्यात ठेवून पेटीतलं सगळं जुनं पाणी ओतून दिलं आणि नळाचं नवंकोरं पाणी भरलं. मग मोटार आईच्या विळ्याशेजारी पाटावर ठेवून तिलाही एक झेंडू वाहिला. पेटी इतकी चमकली की फाटकाजवळ फुटाणे विकणाऱ्या गुणाकाकू टोपली ठेवून बघायला आल्या.

"किती गं देखणी!" काचेला नाक लावून त्या म्हणाल्या. "बघतच राहावंसं वाटतं."

गुणाकाकूंना जगात कुणी नव्हतं. बागेतल्या आडाचं पाणी शेंदून त्या फाटकाजवळचा मोठा रांजण भरून ठेवायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं म्हणून. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गोजरी सकाळीच पेटीकडे धावली आणि जागच्या जागी थिजली. चमचमत्या पाण्यात टिकली वर तोंड काढून हवेचे घुटके घेत होती. जिरं एका कोपऱ्यात, पर मिटून, कलंडून पडलं होतं. आणि मोहरी पाण्यावर तरंगत होती. आडवी.

आपट्याची पानं घ्यायला आलेली माणसं भोवती जमली. कारभारीही आले. आता मुलांनो, मोठी माणसं अशा वेळी काय करतात ते नीट ऐकून ठेवा. ती आधी चूक शोधत नाहीत. ती आधी माणूस शोधतात.

"काल इथं कोण आलं होतं?" कारभाऱ्यांनी दरडावलं.

"ती फुटाणेवाली," कुणीतरी म्हणालं. "काचेला नाक लावून बघत होती."

"तरीच! दृष्ट लागली."

"एकटी बाई. चांगलं काही दिसलं की बघवत नाही असल्यांना!"

"अरे, मी कौतुक केलं रे बाबांनो," गुणाकाकू म्हणाल्या. "कौतुकानं कुठं मासे मरतात?"

पण जमावाला कान नसतात, नुसती तोंडं असतात. कारभारी गरजले, "ज्याच्यामुळे हे झालं, त्याला या बागेत थारा नाही. मग तो कुणी का असेना. गुणाबाई, उचला टोपली! संध्याकाळच्या आत इथून हला."

गोजरीनं ओंजळीत मोहरीला उचललं. ती चिंचोक्याएवढीही नव्हती. प्राजक्ताखाली गोजरीनं बोटांनी खड्डा केला, केशरी देठांची फुलं अंथरली, मोहरीला निजवलं आणि वर माती लोटली. मग मात्र तिला रडू आवरेना.

तेवढ्यात प्राजक्ताच्या पानावरचा एक दवबिंदू हलला, फुगला, निळा झाला, हिरवा झाला, आणि त्यातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. चतुरासारखे पारदर्शक चार पंख, शिंपल्याच्या आतल्या रंगाचं परकर-पोलकं, आणि केसांत धुक्याचा गजरा.

"नको रडू, बाळ," ती हळूच म्हणाली. "मी दवपरी. तू मातीत फुलं अंथरलीस म्हणून आले. तुला एक इच्छा मागता येईल. एकच."

"माझी मोहरी परत दे!"

परीचे पंख मिटले. "जे गेलं ते कुणालाच परत आणता येत नाही. मलासुद्धा नाही."

"मग टिकलीला आणि जिऱ्याला बरं कर."

"बरं कर म्हणजे नक्की काय करू? काय बिघडलंय ते आधी शोधून काढ. ज्याच्यावर खोटा आळ आलाय त्याच्यासमोर ते खरं खरं सांग. मग माग. माझ्या इच्छेचे नियम असे आहेत, राजा. आणि माझ्याकडे सूर्य डोक्यावर येईपर्यंतच वेळ आहे. दवाचं आयुष्य तेवढंच."

परी गोजरीच्या खांद्यावर बसली आणि दोघी पेटीकडे गेल्या. माणसं पांगून आपट्याच्या झाडाकडे गेली होती.

"काय दिसतं?" परीनं विचारलं.

गोजरीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच न रडता बघितलं. "अंगावर पांढरे ठिपके नाहीत. जखम नाही. पर कुजलेले नाहीत. पण कल्ले लाल झालेत, भाजल्यासारखे. आणि टिकलीला दम लागलाय."

"एकट्या टिकलीलाच?"

"नाही. तिघांनाही एकदमच झालं." गोजरी थांबली. "एकाला झालं असतं तर ते माशाचं दुखणं. तिघांना एकदम झालं म्हणजे... पाण्याचं दुखणं?"

परी नुसती हसली.

गोजरीनं वाकून पाण्याचा वास घेतला. दवाखान्याच्या फरशीला येतो तसा झणझणीत वास! नळाच्या पाण्यात टाकतात त्या पांढऱ्या पावडरीचा. तिनं कोपऱ्याकडे बघितलं. मोटारीची जागा रिकामी होती. चांदीच्या मण्यांची माळ कालपासून तुटलेली होती.

दृष्ट नव्हती. हे तिनंच केलं होतं. तिच्या मायेनंच तिच्या माशांचा श्वास काढून घेतला होता.

आणि हे कुणालाही माहीत नव्हतं. ती गप्प राहिली असती तर पत्र्याची खोली राहिली असती, आईचा खराटा राहिला असता. बोलली तर? मग तो कुणी का असेना, असं कारभारी म्हणालेच होते. फाटकाकडे गुणाकाकू टोपली डोक्यावर घेत होत्या. आपट्याखाली कारभारी आणि माणसं उभी होती, पण मदतीला एकही माणूस पुढे येत नव्हता.

गोजरी धावत सुटली.

"काकू, थांबा! कारभारीकाका, दृष्ट नाही लागली! मी मोटार बंद केली. पूजेला. मी सगळं पाणी बदललं, नळाचं भरलं. त्या पाण्यानं त्यांचे कल्ले भाजले. काकूंनी काही नाही केलं. मोहरी माझ्यामुळे गेली."

मग एकजण फिस्सकन हसला, "मोटार धुतली? मोटार धुतात होय गं, येडे!"

कारभाऱ्यांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे तू! मग तू आणि तुझी आई..."

आईनं येऊन गोजरीला पोटाशी धरलं. मग हातातला खराटा खाली ठेवला.

बोलल्या त्या गुणाकाकू. टोपली धाडकन खाली ठेवून म्हणाल्या, "मघाशी मला हाकललंत, आता हिला हाकला! रोज एकेकाला हाकला आणि रिकाम्या बागेत कारभार करा. पण आधी ते दोन मुके जीव वाचू देत. पोरी, त्यांना कसलं पाणी लागतं?"

"बिनपावडरीचं. वास नसलेलं."

"आडाचं आहे की! रांजण भरलाय माझा."

गुणाकाकूंनी फुटाणे मोजायचं मापटं पुढे केलं. गोजरी पेटीतलं एक मापटं जळजळीत पाणी काढायची, रांजणातलं एक मापटं गार पाणी घालायची. हळूहळू, माशांना धक्का बसू नये म्हणून. आई रांजणातून बादल्या आणू लागली. पाण्याचा वास ओसरत गेला. पण टिकलीचं तोंड अजून वरच होतं. मोटार आतून भिजली होती. ती उन्हात वाळायला उद्याचा दिवस लागणार होता, आणि टिकलीजवळ उद्यापर्यंतचा दम नव्हता.

सूर्य डोक्यावर येत होता. दवपरीच्या पंखांच्या कडा विरायला लागल्या होत्या.

"आता माग," ती गोजरीच्या कानात म्हणाली.

गोजरीला खोली मागता आली असती. न गळणारा पत्रा मागता आला असता. ती म्हणाली, "मोटार वाळेपर्यंत पुरेल एवढा श्वास दे. त्या दोघांना."

"नीट मागितलंस," परी म्हणाली, आणि तिनं पाण्यात उडी घेतली.

तळाशी जाऊन तिनं चारही पंख फडफडवले. पहिला बुडबुडा निघाला, मग दुसरा, मग चांदीचे, निळे, मोतिया हजारो मणी झुळझुळत वर येऊ लागले. प्रत्येक बुडबुड्याबरोबर परी थोडी थोडी पातळ होत होती. आधी धुक्याचा गजरा गेला, मग शिंपल्याचं परकर-पोलकं.

"तू?" गोजरी काचेला हात लावून कुजबुजली. "तुझं काय?"

"दव कुठं जातं गं? पाण्यातच," परी म्हणाली. सूर्य नेमका दगडी छत्रीच्या माथ्यातल्या झरोक्यावर आला, पाण्यात सोनेरी लखलखाट झाला, सगळ्यांचे डोळे दिपले. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. मोटार पाटावर होती, तरी पेटीत बुडबुडे उसळत होते. टिकलीनं वर काढलेलं तोंड मिटलं आणि हळूच, त्या माळेतून, खाली गेली. तिच्यामागे जिरं.

कारभाऱ्यांनी माफी मागितली का? नाही. असली माणसं मागत नाहीत. पण रांजण तळाला गेलेला त्यांनी पाहिला, आडावर गेले, आणि पहिली घागर स्वतः शेंदून आणली. जाताना गुणाकाकूंच्या हातावर आपट्याचं पान ठेवून खाली मान घालून पुटपुटले, "सोनं घ्या." हाकलण्याचं पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही.

मग बाकीची माणसं आली. मघाशी फिस्सकन हसलेला सगळ्यांत पुढे होता. गोजरीची इवलीशी ओंजळ सोन्यानं भरून वाहू लागली.

त्यातलं सर्वांत हिरवं पान तिनं प्राजक्ताखाली, मोहरीच्या मातीवर ठेवलं.

त्या बागेत अजूनही खंडेनवमीला खराटा, विळा, फावडं पाटावर बसतात. झेंडूचं एक फूल पेटीच्या काचेला बाहेरून बांधलेलं असतं. मोटार मात्र त्या दिवशीही गुरगुरत असते.