भीतीवर चालणारे ब्रेक

डोंगरावरच्या एका आरोग्य संस्थेने सेविकांच्या इलेक्ट्रिक सायकलींना जड बॅटऱ्या बसवल्या, ब्रेक मात्र जुनेच ठेवले. पहिल्याच आठवड्यात सेविका कुसुमताई उतारावरून थेट दगडी कठड्यावर आदळल्या आणि त्यांचा हात मोडला.

संस्थेची मेकॅनिक मृदुला खाडे अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. "तात्यासाहेब, ब्रेकचे पॅड मी शंभरदा जुळवलेत. एवढ्या वजनाला मोठ्या डिस्कच हव्यात."

तात्यासाहेबांनी मान वर करून पाहिलंही नाही. "पोरी, ब्रेक चांगले मिळाले की बायका बेफाम सुटतात. मनात भीती असली की गाडी आपोआप जपून चालते. चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस."

मृदुलाने रविवारची वाट पाहिली, कारण त्या दिवशी नव्या बॅटऱ्यांचं औपचारिक उद्घाटन व्हायचं होतं. रिवाजाप्रमाणे नारळ फोडून पहिली फेरी तात्यासाहेबच मारत. फेटा बांधून ते सायकलवर बसले. समोर उतार होता, बाजूला फोटोग्राफर आणि मागे सगळ्या सेविका. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला.

"नीट आहे ना गं सगळं?"

"कुसुमताईंचीच गाडी आहे, तात्यासाहेब," मृदुला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "अपघातानंतर ब्रेकला हातसुद्धा लावलेला नाही. तुमच्या मनात भीती असली की पुरे."

तात्यासाहेब सायकलवरून खाली उतरले.

त्याच आठवड्यात सगळ्या गाड्यांना मोठ्या डिस्क बसल्या. आता एका बोटाने ब्रेक दाबला तरी गाडी जागच्या जागी थांबते. कुसुमताईंना मात्र अजून तेवढं एक बोटही वाकवता येत नाही.