पेंदाने न घेतलेलं नाव

"मोदिब्बो, आईने पहिल्या मुलाचं नाव घ्यायचं नाही, हे कुठल्या किताबात लिहिलंय?"

इसियाकूने हे विचारलं तेव्हा मी कुंपणापलीकडे बाजरी पाखडत होते. सूप तसंच हातात राहिलं.

कुंपण कसलं, नुसती धाटं उभी केलेली. पलीकडचं दिसतंही आणि ऐकूही येतं. त्यात माझा काय दोष?

मोदिब्बो हमीदू म्हणजे आमच्या फुलबे वस्तीचे गुरुजी. गुरं राखणाऱ्यांच्या तीन पिढ्यांना त्यांनी लाकडी पाटीवर कुराण शिकवलं. मलाही शिकवलं, पण निम्मं मी विसरले. इसियाकू त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. सात वर्षं शहरात शिकून आला होता आणि आता नदीपलीकडच्या मशिदीत इमाम म्हणून चालला होता. दुपारची नमाज झाली की निघायचं, असं ठरलेलं.

"किताबात नाही," मोदिब्बो म्हणाले.

"मग?"

"आपल्यात आहे."

खरंच आहे. पहिल्या मुलाचं नाव आमच्यात आई कधी घेत नाही, चारचौघांत त्याला जवळही घेत नाही. ज्याला लाज नाही, सबुरी नाही, तो फुलबे कसला? माझ्या थोरल्याला मी अजून 'ए लांबड्या' म्हणते. बुटका आहे तो.

"सात वर्षांनी मी दारात उभा राहिलो," इसियाकू म्हणाला, "तर आईने मान वर केली नाही. शेजारणीला म्हणाली, 'त्या पाहुण्याला पाणी दे.' विचारा की गोग्गोला. बसलीच आहे कुंपणाआड कान लावून."

गोग्गो म्हणजे आत्या. म्हणजे मीच.

"पाखडतेय मी!" मी म्हणाले.

पाणी मीच दिलं होतं. खरं सांगायचं तर ते पाणी नव्हतं, दूध होतं, आणि त्याच्या आईने, पेंदाने, ते पहाटेपासून झाकून ठेवलं होतं. पण एवढं मला कोणी विचारलं नाही.

"तुम्ही तिला सांगा, मोदिब्बो. धर्मात असं काही नाही म्हणून सांगा. एकदाच तिने माझं नाव घ्यावं. नाहीतर..."

"नाहीतर?"

"तिची दुवा न घेता जाईन. आणि परत येणार नाही."



समोरच्या झोपडीच्या दारात पेंदा भोपळ्याचा तुंबा मांडीवर हलवत लोणी काढत होती. तिलाही हे ऐकू गेलं. तुंबा थांबला नाही. जरा मंदावला, एवढंच.



मोदिब्बोंनी जपमाळ अंगरख्याच्या खिशात ठेवली.

"ऊन कललं. आज नमाज तू पढव."

इसियाकूचा चेहरा फुलला. गुरूने आपल्याला पुढे उभं करणं ही काय लहान गोष्ट आहे? अंगणातल्या झाडाखाली, झाडलेल्या वाळूवर तो पुढे उभा राहिला, मागे सात-आठ गुराखी, आणि मोदिब्बो अगदी त्याच्या पाठीशी.

पोरगं उभं मात्र छान राहतं. ओणवं होणं, उठणं, सगळं कसं घाई न करता.

नमाज संपली. मोदिब्बो म्हणाले, "पुन्हा पढव."

"का? काय चुकलं?"

"तू कुराणातला एकही शब्द म्हटला नाहीस."

"म्हटला! सगळं म्हटलं."

"मी तुझ्या पाठीला लागून होतो. मला तर काही ऐकू आलं नाही. याया, तुला आलं?"

"मला कशाला विचारता?" म्हातारा याया म्हणाला. "मला बैल हंबरलेला ऐकू येत नाही."

गुराखी हसले. इसियाकू तापला.

"मोदिब्बो, तुम्हीच शिकवलंत! पहाटेची, सांजेची आणि रात्रीची मोठ्याने. दुपारची मनातल्या मनात. नुसते ओठ हलवायचे."

"मग तू म्हटलंस हे कशावरून?"

"ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं."

"काही गाळलंस?"

"एक अक्षर नाही."

"पण आम्हा कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढी तुझी नमाज कमी पडली असेल."

"कमी कशी पडेल? आवाज नाही म्हणून काय..."

आणि तो थांबला.

 तुंब्यातलं दूध तेवढं डुचमळत होतं. मी पेंदाकडे पाहिलं. मान खाली, हात चाललेले... आणि ओठ हलत होते. इतकी वर्षं मी तिची शेजारीण, रोज तिला लोणी काढताना बघते, आणि हे कधी माझ्या नजरेला पडलं नव्हतं.

इसियाकूही तिकडेच बघत होता.

बराच वेळ बघत राहिला. मग उठला. प्रवासाचं बोचकं तिथेच सोडून, वाळू झटकायचंही विसरून, अंगण ओलांडत सरळ आईच्या समोर निघाला.

"अरे, अरे, समोरून नको," मोदिब्बो हळूच म्हणाले. "नमाज चाललेल्या माणसाच्या समोरून जात नाहीत. मागे जाऊन बस."