शिंपिणीचा दोरा

धोंडशेट सोनाराने कानस धरली होती, पण हात धजावत नव्हता. सरदार रंगरावांच्या सुजलेल्या बोटात मुद्रेची अंगठी रुतली होती. वैद्य म्हणत होते, अंगठी कापा, नाहीतर बोट जाईल. पण मुद्रा तुटली की सत्ता गेली, असं ते घराणं मानायचं.

कोपऱ्यात सरदारांच्या तलवारीचं म्यान शिवत बसलेली गोदाक्का शिंपीण म्हणाली, "सरकार, दोऱ्याने काढू?"

"राज्य तलवारीवर चालतं बाई, दोऱ्यावर नाही!" सरदार गरजले. पण कळ मस्तकात गेली, तसा त्यांनी मुकाट हात पुढे केला.

गोदाक्काने रेशमी दोऱ्याचं टोक अंगठीखालून तळव्याकडे सरकवलं, उरलेला दोरा बोटावर नखापर्यंत घट्ट गुंडाळला आणि तळव्याकडचं टोक धरून हळूहळू उलगडू लागली. एकेका वेढ्यासरशी अंगठी पुढे सरकत आली आणि अलगद सुटली. धोंडशेटच्या हातातली कानस गळून पडली. जन्मभर सोनं घडवूनही त्याने असं काही पाहिलं नव्हतं.

सरदार तो दोरा हातात घेऊन बघतच राहिले. "माग बाई, काय हवं ते!"

"दोरा तेवढा परत द्या, सरकार. तुमच्या तलवारीचं म्यान अजून अर्धं उसवलेलंच आहे."