साळिंदरांची दोन बिळे

मुलांनो, साळिंदर तुम्ही निदान चित्रात तरी पाहिले असेल. पाठभर काटे आणि खुळखुळ्यासारखी वाजणारी शेपटी. एका जंगलाच्या कडेला, मुरमाच्या टेकाडात, अशाच साळिंदरांचे एक कुटुंब राहत असे. म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन पिल्ले. साळिंदरे रात्री चरतात आणि दिवसा झोपतात. या घरात झोपायचीही एक रीत होती. म्हातारी जोडी बिळाच्या तोंडाशी, मुलगा आणि सून मध्ये, पिल्ले अगदी आत. म्हातारपणी झोप सावध होते. बाहेर पाऊल वाजले की म्हातारा शेपटी खुळखुळवी आणि आतली सगळी जागी होत. तोंडाशी ढासळलेली माती मुलगा रोज संध्याकाळी उकरून बाहेर टाकी. ही रीत कोणी घातली, ते कुणालाच ठाऊक नव्हते. ती कशासाठी आहे, हेही कोणी विचारीत नसे.

पण घर म्हटले की भांड्याला भांडे लागणारच. साळिंदरांचे दात सारखे वाढतात, म्हणून पिल्ले दिवसाही वाळकी हाडे कुरतडत बसत. त्या कटकटीने म्हाताऱ्याचा डोळा लागत नसे. इकडे म्हातारा खोकला की सुनेची झोप मोडे. शेवटी एकदा म्हातारा वैतागून म्हणाला, "या वयात घटकाभर निवांत पडावं म्हटलं, तर तेही नशिबात नाही." मुलगा बापावर जीव टाकणारा होता. तो म्हणाला, "आबा, तुम्हा दोघांना मी वेगळं बीळ खणून देतो. आमच्या शेजारीच. मध्ये भिंत ठेवू, म्हणजे तुम्हाला आमचा त्रास नको आणि आम्हाला काळजी नको. कंदमुळं मी रोज आणून देईन." म्हातारा खूश झाला. "भिंत चांगली जाड ठेव रे," तो म्हणाला.

मुलाने मन लावून बीळ खणले. आत मऊ पाला अंथरला. म्हाताऱ्याला पहिल्या दिवशी अशी गाढ झोप लागली की बोलायची सोय नाही. मुलगा रोज कंदमुळे घेऊन येई, दारातली माती काढी, दोन शब्द बोले. मग चारा लांब गेला आणि पिल्ले त्याच्यामागे हिंडू लागली. तो कंदमुळे दारातच ठेवून घाईने जाऊ लागला. माती उद्या काढू, परवा काढू, असे होत राहिले. यात त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. म्हाताऱ्यांनीही तोंड उघडले नाही. लेकराला कशाला त्रास, असे त्यांना वाटे. दार भरत आले आणि हवा व कंदमुळे आत येतील एवढीच फट उरली.

एके दिवशी भर दुपारी म्हातारीला डोक्यावरच्या जमिनीत पावले ऐकू आली. तिने नवऱ्याला हलवले. "कोल्हा आहे. वास घेत, थांबत थांबत पोरांच्या दाराकडे चाललाय." म्हातारा दाराकडे धावला, पण तिथे मातीचा ढीग होता, आणि तो उपसावा तितकी वरून आणखी माती ढासळत होती. त्याने शेपटी जोरजोरात खुळखुळवली. भिंतीपलीकडे काहीच पोहोचले नाही. जाड भिंत त्यानेच मागून घेतली होती. पलीकडच्या बिळाच्या तोंडाशी आता राखणीला कोणी नव्हते आणि थकलेले मुलगा-सून ढाराढूर झोपलेले होते.

"भिंत फोडतो," म्हातारा म्हणाला.

"तुमची नखं झिजलीत हो. आणि वरचा मुरूम भुसभुशीत आहे," म्हातारी म्हणाली.

"पिल्लं आहेत तिकडे," एवढेच तो बोलला आणि उकरू लागला. नखांतून रक्त आले तरी तो थांबला नाही. अखेर बोराएवढे भोक पडले. त्याने ते रुंद केले, पाठ फिरवली, शेपटी भोकात घातली आणि होते नव्हते तेवढे बळ लावून खुळखुळवली. मुलगा दचकून उठला. कोल्ह्याचे तोंड हातभरच लांब होते आणि मुलाच्या पाठीशी पिल्ले झोपलेली होती. मुलाने काटे फुलवले आणि पाठमोरी धडक दिली. काटे नाकात रुतताच कोल्हा केकाटत पळाला.

तेवढ्यात भिंतीपलीकडे धप्प आवाज झाला. पोखरलेल्या भिंतीवरचे छत खाली आले होते. मुलगा वेड्यासारखा माती उपसू लागला. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली म्हातारी जिवंत हाती लागली. म्हातारा लागला तो निष्प्राण होता. शेपटी अजून भोकातच होती.

मुलगा रडत म्हणाला, "आई, मी तुमच्या सुखासाठीच केलं गं."

म्हातारी म्हणाली, "ठाऊक आहे बाळा. आम्हीही सुखासाठीच हो म्हटलं. तुझी चूक, तशी आमचीही. दार भरत आलं, तेव्हा तुला हाक मारायला हवी होती." मग तिने आधी पिल्लांना जवळ ओढून हुंगून पाहिले आणि त्यानंतर ती रडली.

मुलाने ती दोन्ही बिळे सोडली आणि टेकाडाच्या टणक बाजूला नवे घर खणले. तोंड एकच. तोंडाशी म्हातारीची खोली, पुढे एक वळण, म्हणजे हाडांची कटकट तिच्या कानाशी होऊ नये. वळणाच्या आत मुलगा, सून आणि पिल्ले. मधली माती मात्र इतकी पातळ, की म्हातारी खोकली तरी आत ऐकू यावे. सुनेनेच तसे सांगितले होते. म्हातारी गेल्यावर ती खोली काही काळ रिकामी राहिली. पुढे एका दुपारी मुलाच्या लक्षात आले, की आपल्यालाही आता दिवसा झोप लागत नाही. त्याने कोणालाही न विचारता आपला पाला उचलला आणि दाराशी नेऊन अंथरला. त्याच संध्याकाळी त्याचा लेक दारातली माती काढायला आला, तेव्हा बाप तिथे बसलेला पाहून तो क्षणभर थांबला आणि मग त्याच्या शेजारी बसूनच माती उकरू लागला.

तात्पर्य : घर बांधताना म्हाताऱ्यांना विसावा द्यावा आणि तरुणांना मोकळीक द्यावी, पण दोघांमधली भिंत हाक पोहोचेल एवढीच जाड ठेवावी, आणि हाक मारायला कोणी संकोचू नये.