खिंडीतली पेढी

मी बघेपर्यंत मोडक्या गाडीला कुणी बोट लावायचं नाही, आणि बघायला ती माझ्या पेढीच्या दारात आली पाहिजे, असं केवळशेठ एका दमात म्हणाला आणि खुशाल पान लावायला बसला.

ठकू त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. सकाळी शिंगरखिंडीच्या वळणावर समोरून उधळलेली कडब्याची गाडी तिच्या गाडीवर येऊन आदळली होती. बैल बचावले, ठकूही बचावली, पण उजव्या चाकाचा चुराडा झाला, कणा मोडला आणि गाडी ऐन खिंडीत आडवी झाली. ठकूचा बाप येसू गाडीवान गुडघ्यानं अधू होऊन घरी बसलेला. दोघांचं पोट त्या एका गाडीवर. नवं चाक घालायला घरात दमडी नव्हती, पण गाडीचा विमा होता. मुलखातल्या गाड्यांचा आणि मालाचा विमा केवळशेठच उतरवायचा. यंदाच्या जत्रेत चिंचेखाली गादी टाकून बसलेल्या शेठकडं ठकूनंही हप्ता भरला होता. पावती पेढीवर येऊन न्यायची का, असं तिनं विचारलं, तर शेठ हसून म्हणाला होता, "अगं, मी बसलो तिथं पेढी."

आता ही अट. ती साऱ्या मुलखाला ठाऊक होती म्हणा. कुणी गाडी दुरुस्त करून नेली की शेठ म्हणायचा, ही तर धडधाकट आहे, भरपाई कसली? कुणी दुसऱ्या गाडीवर लादून नेली की म्हणायचा, लादताना मोडली असेल, मला काय ठाऊक? बोलायला साखरेसारखा गोड, पण गाठीचा पैसा म्हणून सुटायचा नाही मेल्याचा!

ठकूला रडू येत होतं. पण या माणसासमोर रडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

"शेठजी, मी अडाणी बाई," ती म्हणाली. "वाटेत विसरून जाईन. एवढं कागदावर लिहून शिक्का मारून द्याल?"

शेठला गंमत वाटली. मोडकी गाडी स्वतःच्या पायांनी चालत येणार नाही आणि कागदाचं काही जात नाही, असा हिशेब करून त्यानं झोकात लिहून दिलं.

ठकू खिंडीत परतली तेव्हा चौकीचे शिपाई बाह्या सरसावून उभे होते. गाडी दरीकडं ढकलून वाट मोकळी करायचा त्यांचा बेत होता. ठकूनं कागद पुढं धरला. शिक्का बघताच शिपायांनी हात मागं घेतले. विम्याच्या मालाला शेठच्या लेखाविरुद्ध जो हात लावील त्यानं स्वतः नुकसान भरावं, असा हुकूम शेठनंच कधीकाळी महाराजांकडून मिळवला होता. ठकूनं कागद दगडाखाली गाडीपुढं ठेवला आणि वाकळ अंथरून सावलीत बसली.

तासाभरात मागं गाड्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढं विड्याच्या पानांच्या बारा गाड्या, आणि बाराही गाड्यांतल्या पानांचा विमा केवळशेठकडं! उन्हानं पानं माना टाकू लागली, तसे गाडीवान शेठच्या नावानं शंख करू लागले. एवढ्यात पलीकडून शिकारीहून परतणाऱ्या महाराजांचा रथ येऊन थांबला. जेवणाची वेळ टळली की महाराजांपुढं उभं राहायची कुणाची छाती नसे, आणि आज ती केव्हाच टळली होती.

ही गाडी कुणाची, म्हणून महाराज गरजले. ठकू पुढं आली.

"गाडी माझी, महाराज. लेख शेठजींचा. आणि हुकूम तुमचा."

महाराजांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग शेठला आणायला स्वार धाडला.

शेठ निघाला तो मुनीम आणि दप्तर घेऊन. पण रांगेतून पालखी पुढं जाईना, म्हणून चढ पायी चढावा लागला. वर पोचेपर्यंत बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला. ठकूनं अदबीनं वाकळ झटकली, पाण्याचा तांब्या पुढं केला. शेठ वाकळीवर धपकन बसला, पाणी प्यायला आणि गाडीकडं बघून म्हणाला, "बघितली बाई, बघितली! चाक गेलंय, कणा गेलाय. आता हटवा एकदाची!"

"मग भरपाई?"

"भरपाई कसली? माझ्या पेढीच्या दारात कुठं आलीय?"

"आलीय की, शेठजी," ठकू म्हणाली. "तुम्ही बसलात तिथं पेढी. तुमच्या पायापासून दोन हातांवर गाडी आहे, आणि सकाळपासून तिला कुणी बोट लावलेलं नाही."

शेठ वाकळीवरून चटका बसल्यासारखा उठला. जत्रेतलं बोलणं वेगळं, ती काही पेढी नव्हे, असं तो घाईघाईनं सांगू लागला.

"मग माझा हप्ता कुणी घेतला?" ठकूनं विचारलं. "चिंचेनं?"

मागच्या रांगेत एकच हशा उसळला. त्यातल्या निम्म्या गाडीवानांनी त्याच चिंचेखाली हप्ते भरले होते. पेढी नव्हती तर आमचेही हप्ते परत द्या, असा गलका झाला. शेठनं मुनिमाकडं पाहिलं, तर मुनीम तोंडाला उपरणं लावून हसत होता.

महाराज रथाच्या दांडीला धरून इतके हसले, की भुकेची आठवणच राहिली नाही. ठकूची पूर्ण भरपाई त्याच वाकळीवर चुकती झाली. रथाबरोबरच्या सुतारानं शाही गाड्यांसाठी आणलेलं जादा चाक आणि कणा तिच्या गाडीला चढवला. आणि यापुढं राज्यात गाडी जिथं मोडेल तिथं जाऊन ती बघायचं काम सरकारी पगारावर ठकूचं, तिनं सांगावं आणि शेठनं तिथंच येऊन भरपाई द्यावी, असं महाराजांनी जाहीर करून टाकलं.

"पण महाराज," शेठ रडवेला होऊन म्हणाला, "मी पेढी सोडून रानोमाळ कसा हिंडू?"

"पेढी कशाला सोडता, शेठ?" महाराज डोळे पुसत म्हणाले. "एक वाकळ बरोबर ठेवा!"